सिडनी–होबार्ट: दक्षिणेचा वारा येण्याआधी आणि आल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीपासून तस्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंतची ही शिडाच्या बोटींची शर्यत ६२८ सागरी मैलांची, म्हणजे साधारण ११६३ किलोमीटरची. दर वर्षी २६ डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनी हार्बरमध्ये तोफ उडते आणि बहुतेक वर्षी शंभराच्या आसपास बोटी बंदराबाहेर पडून उजवीकडे, दक्षिणेला वळतात. १९४५ साली पहिली शर्यत झाली तेव्हा नऊच बोटी होत्या आणि पहिल्या आलेल्या ‘रानी’ला साडेसहा दिवसांहून जास्त लागले. २०१७ साली ‘कोमांची’ने तेच अंतर १ दिवस ९ तास १५ मिनिटांत काटलं. आमच्यासारख्या ४० फुटी बोटींना तीन-चार दिवस लागतात, आणि त्यातली निदान एक रात्र वाईट जाणार हे धरूनच तयारी होते.

वाईट का, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याने पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह गरम पाणी घेऊन दक्षिणेला वाहतो, दोन-तीन नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), कधी त्याहूनही जोरात. मागून ईशान्येचा वारा असला की हा प्रवाह फुकटचे मैल देतो. पण वारा फिरून दक्षिणेचा झाला की तो वाहत्या पाण्याच्या थेट तोंडावर येतो आणि लाटा आखूड, उंच, समोरून सरळ उभ्या होतात. ओहोटीचं पाणी खाडीबाहेर पडत असताना समोरून दणकट वारा आला की मुखाशी पाणी कसं उभं राहतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथे तेच शेकडो मैल चालतं. पुढे बास सामुद्रधुनी, ऑस्ट्रेलिया आणि तस्मानिया यांच्यामधली. तिची सरासरी खोली जेमतेम ६० मीटर. दक्षिण महासागरातून आलेल्या लांबलचक लाटा या उथळ तळावर आल्या की मंदावतात, एकमेकींवर चढतात आणि माथ्याला फुटायला लागतात.

हवामानाचा अंदाज वाचताना दोन गोष्टी डोक्यात पक्क्या हव्यात. अंदाजातला वाऱ्याचा आकडा सरासरीचा असतो; झोत त्याच्यापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त असू शकतात. म्हणजे ४० नॉट लिहिलंय तिथे ५५ची तयारी ठेवायची. लाटेची उंचीही अशीच: दिलेला आकडा सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो आणि एखादी लाट त्याच्या दुप्पट येऊ शकते. १९९८ साली ११५ बोटी निघाल्या आणि ४४ पोचल्या. पाच बोटी बुडाल्या, सहा खलाशी गेले, ५५ जणांना उचलून आणावं लागलं. नंतरच्या चौकशीत हाच मुद्दा पुढे आला, की अनेकांनी अंदाजातले आकडे कमाल मर्यादा म्हणून वाचले होते. शिवाय वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. २० नॉटला आरामात हाताळता येणारी बोट ४० नॉटला वेगळीच बोट असते.

तयारीचं काम डिसेंबरात सुरू केलं तर उशीर झालेला असतो. डोलकाठीवर माणूस चढवून प्रत्येक पिन, प्रत्येक टर्मिनल भिंगाने बघायचं. स्प्लिट पिनांची टोकं वळवून वर टेप, नाहीतर तीच टोकं शिडं फाडतात. हॅलयार्ड, म्हणजे शिडं वर चढवायचे दोर, दोन्ही टोकांनी तपासायचे. ते झिजतात ते बहुधा डोलकाठीच्या माथ्यावरच्या पुलीत, जिथे खालून काही दिसत नाही. कीलचे, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या जड पात्याचे, बोल्ट आणि आतला सांगाडा बोट पाण्याबाहेर असतानाच बघून होतो. सुकाणूच्या बेअरिंगमध्ये बोटाला जाणवेल इतका खेळ असेल तर तो आत्ताच काढायचा. तिसऱ्या रात्री तो आतल्या माणसांना झोपू देत नाही आणि हेल्म्समनला, म्हणजे सुकाणूवरच्या माणसाला, वेडं करतो.

आतली सफाई हा कंटाळवाणा विषय, पण खराब हवेत बोटी याच्यानेच अडकतात. बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या बोटीच्या तळात, लाकडाचा भुसा, फायबरचे तुकडे, डब्यांवरचे कागदी लेबल काहीही राहता कामा नये. बोट आपटायला लागली की सगळं सुटून पंपाच्या जाळीला चिकटतं आणि नेमका हवा असतो तेव्हा पंप ओढत नाही. म्हणून डब्यांची लेबलं घरीच सोलून मार्करने ‘डाळ’, ‘मटार’ लिहायचं. डिझेलच्या टाकीचंही तसंच. वर्षभर तळाशी बसलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटांनी ढवळतो, फिल्टर तुंबतो, इंजिन बंद. इंजिन शर्यतीत बोट हाकायला वापरता येत नाही, पण बॅटऱ्या त्यावरच भरतात. बॅटरी गेली की दिवे, रेडिओ, होकायंत्राचा प्रकाश, सगळंच जातं. टाकी रिकामी करून धुणं आणि तीन-चार जादा फिल्टर बरोबर ठेवणं, एवढंच काम आहे. बदली फिल्टर घातल्यावर लाइनमधली हवा कशी काढायची, हे निदान दोघांना अंधारात जमायला हवं.

नियमांची यादी लांब आहे, ती इथे उतरवत नाही. शर्यत पहिल्या श्रेणीची, म्हणजे सामानाची कडक तपासणी होते. तीन-चार गोष्टींबद्दल मात्र बोलायला हवं. पहिली, वादळी शिडं. स्टॉर्म जिबचं, म्हणजे डोलकाठीच्या पुढे लावायच्या छोट्या वादळी शिडाचं, क्षेत्रफळ डोलकाठी आणि फॉरस्टे (डोलकाठीला बोटीच्या पुढच्या टोकाशी बांधणारी तार) यांच्यामधल्या त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. उंची १५ मीटर असेल तर वर्ग २२५, त्याचे ५ टक्के म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटर. खोलीत अंथरली तर एका गालिच्याएवढी. तिच्या वरची पायरी म्हणजे जड हवेची जिब, तिची मर्यादा साडेतेरा टक्के, म्हणजे याच बोटीला ३० चौरस मीटर. ही जिब फॉरस्टेच्या खोबणीत चढवायची असली तरी खोबणी फाटली तर स्टेला बांधायची दुसरी सोय असावी लागते. स्टॉर्म जिबच्या पिशवीतच तिच्या स्वतःच्या शीटा (शीड ओढून धरायच्या दोऱ्या) बांधून ठेवाव्यात. पुढे डेकवर, लाटेखाली, बोटं बधिर झालेली असताना बोलाइनची गाठ बांधण्याची हौस कुणालाच नसते.

ट्रायसेल म्हणजे मेनसेलच्या, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या, जागी लावायचं छोटं त्रिकोणी शीड. ते बूमला (मेनसेलच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याला) न बांधता थेट मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडे शीट करतात, आणि तेच त्याचं मोठेपण: बूम खाली बांधून टाकता येतो, डोक्यावरून काही फिरत नाही. पण बहुतेक बोटींवर ते पिशवीतून बाहेर येतं ते फक्त तपासणीच्या दिवशी. बंदरात उभं राहून चढवलं तरी लक्षात येतं, की डोलकाठीवरच्या त्याच्या रुळाचं तोंड खाली उतरलेल्या मेनसेलच्या घड्यांआड दडलंय, किंवा खालचा दोर इतका आखूड आहे की शीड त्या घड्यांवर घासतंय. हे शोध बास सामुद्रधुनीत लावायचे नसतात.

टेदर म्हणजे माणसाला बोटीशी बांधणारा पट्टा. तो दोन मीटरपेक्षा लांब चालत नाही, पण माझ्या मते दोन मीटरचा पट्टाही फक्त चालत जाण्यापुरता. काम करताना एक मीटरचा. कारण सरळ आहे: दोन मीटरच्या पट्ट्यावर माणूस वाऱ्याखालच्या कडेवरून बाहेर जाऊन पाण्यात लोंबकळतो, आणि सहा नॉटने ओढल्या जाणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात पाणी जायला वेळ लागत नाही. आखूड पट्ट्यावर तो डेकवरच अडकतो. जॅकलाइन, म्हणजे पट्टा अडकवायची लांब दोरी, शक्य तितकी मधोमध आणि ताठ हवी. पट्टीची असेल तर ओली झाल्यावर सैल पडते. सुरुवातीच्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा ताणायची. जिन्यातून वर येताना आधी हुक अडकवायचा, मग डोकं बाहेर काढायचं. आत जाताना आधी पूर्ण आत, मग हुक सोडायचा. या एका गोष्टीत हयगय करणाऱ्याला पाळीवर घेऊ नये, तो कितीही चांगला हेल्म्समन असला तरी.

सुरुवातीची गर्दी, प्रेक्षकांच्या बोटी, हेलिकॉप्टर यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. खरं काम हेड्सच्या, म्हणजे बंदराच्या तोंडावरच्या कड्यांच्या, बाहेर सुरू होतं. दहा माणसं असतील तर चार-चारच्या दोन पाळ्या, चार तास वर, चार तास खाली. स्किपर आणि नॅव्हिगेटर पाळीबाहेर. कडक थंडीत आम्ही हे तीन तासांवर आणतो, कारण चौथ्या तासाला हेल्मवरचा माणूस चुका करायला लागतो आणि त्याला ते स्वतःला कळत नाही. मळमळीची गोळी आदल्या रात्रीच घ्यायची. बंदराबाहेर आल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

दक्षिणेचा बदल येण्याची लक्षणं ठरलेली. ईशान्येचा वारा २०–२५ नॉटपर्यंत वाढतो, हवा गरम, दाब सतत खाली. मग वारा उत्तरेकडून वायव्येला सरकतो आणि अचानक पडतो. दक्षिणेला क्षितिजावर लाटणं फिरवल्यासारखा ढगांचा लांब पट्टा दिसतो. तो डोक्यावर आला की काही मिनिटांत वारा ३०–४० नॉट, थेट समोरून, आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली. ढगाची वाट बघत बसायची मात्र गरज नाही. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडच्या गाबो बेटावरची वाऱ्याची नोंद वायव्येवरून दक्षिणेला गेली ती वेळ लिहायची; मग तोच बदल त्याच्या उत्तरेच्या मॉन्टेग्यू बेटाजवळ कधी पोचला ते बघायचं. दोन्हींत ८० मैलांच्या आसपास अंतर आहे. मध्ये अडीच-पावणेतीन तास गेले असतील तर बदल ३० नॉटने वर येतोय, आणि आपण मॉन्टेग्यूच्या उत्तरेला ६० मैलांवर असू तर हातात दोन तास आहेत. आपणही दक्षिणेला आठ-दहा नॉटने त्याच्याकडेच चाललोय, म्हणून दीडच धरायचा.

हा दीड तास संपूर्ण शर्यतीतला सर्वांत किमती वेळ. सगळ्यांनी गरम जेवायचं, नको म्हणणाऱ्यानेही. थर्मास भरायचे. लघवीला जाऊन यायचं, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही: तीन थर आणि वर वादळी सूट चढल्यावर, बोट २५ अंश कललेली असताना, हेच काम वीस मिनिटांचं होतं. मग सर्वांनी पूर्ण कपडे, लाइफ जॅकेट, मांडीखालून जाणारा पट्टा बांधलेला. तो सैल असेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आतल्या प्रत्येक जड वस्तूला दोरी: बॅटरी, टूलबॉक्स, फळ्यांखालचे डबे, अन्न शिजवायची शेगडी. जड हवेची जिब पुढे डेकवर लाइफलाइनला (डेकच्या कडेच्या कठड्याच्या तारेला) बांधून, शीटा ओवून तयार. रीफच्या, म्हणजे मेनसेल थोडं उतरवून लहान करायच्या, दोऱ्यांवरचा ढील काढलेला.

स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यात पुढे फुगवायचं मोठं शीड, कधी उतरवायचा यावर बोटीबोटीत भांडणं होतात. त्या गरम वाऱ्यात बोट १२–१५ नॉटने पळत असते आणि शेवटच्या वीस मिनिटांत चार-पाच मैल पदरात पडतात, हे खरं आहे. पण बदल स्पिनेकरवर आला तर शीड डोलकाठीभोवती गुंडाळलं जातं किंवा पाण्यात जाऊन फाटतं, आणि ते सोडवायला पुढे गेलेली माणसं नेमक्या पहिल्या मोठ्या झोतात नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, असतात. मिळवलेले पाच मैल तासाभरात जातात. ढगाचा पट्टा स्पष्ट दिसला की स्पिनेकर खाली, असं आम्ही ठरवून टाकतो. म्हणजे त्या वेळी कुणी वाद घालत नाही.

बदल आला की बोट एक रीफ घातलेल्या मेनसेलवर किंवा नुसत्या जिबवर उभी करून घ्यायची, आणि श्वास घेतल्यावर पुढचं. आमच्या बोटीचा हिशेब साधारण असा: वाऱ्याविरुद्ध जाताना २३–२४ नॉटला पहिला रीफ, २८–३०ला दुसरा आणि जड हवेची जिब, ३५च्या पुढे तिसरा रीफ, सतत ४५ दिसायला लागले तर स्टॉर्म जिब आणि ट्रायसेल, किंवा नुसती स्टॉर्म जिब. प्रत्येक बोटीचे आकडे वेगळे, पण आकडे आधी लिहून चार्ट टेबलवर चिकटवलेले असावेत.

रीफ घालणं सोपं काम आहे. ते बिघडतं क्रम चुकल्याने. हेल्म्समन बोट थोडी सरळ आणून दाब कमी करतो, पण पूर्ण वाऱ्यात नेत नाही, नाहीतर बोट थांबून दुसऱ्या अंगाला जाते. मेनशीट, म्हणजे बूम ओढून धरणारी दोरी, सैल. मग व्हँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी, सैल, आणि नेमकं हेच विसरतं. व्हँग ताणलेली राहिली तर बूम वर उचलला जात नाही, मागचा कोपरा खाली येत नाही, विंचवरचा, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवरचा, माणूस जोर लावत राहतो, आणि दोरी तुटते किंवा बूम वाकतो. यानंतर हॅलयार्ड खुणेपर्यंत खाली. खूण म्हणजे दोरीतच शिवलेला रंगीत दोरा. मार्करची शाई मिठाच्या पाण्यात टिकत नाही आणि अंधारात बोटांना जाणवत नाही. पुढचा कोपरा हुकात अडकवून हॅलयार्ड पुन्हा ताठ, शिडाच्या पुढच्या कडेला उभी सुरकुती दिसेपर्यंत. मग मागची रीफची दोरी विंचवर, कोपरा बूमला टेकेपर्यंत. तो टेकला नाही, हातभर वर राहिला, तर शीड पोट काढतं आणि रीफ घालून उपयोग काही होत नाही. शेवटी शीट आत, व्हँग थोडी. कोपऱ्याभोवती आणि बूमभोवती एक जादा पट्टा, म्हणजे रीफची दोरी तुटली तरी शीड सुटत नाही. सरावातल्या माणसांना दिवसा दीड-दोन मिनिटं लागतात. रात्री, लाटांत, दहा. म्हणून घालू की नको असा प्रश्न पडला की घालायचाच.

आता हेल्म. वाऱ्याविरुद्ध मोठ्या लाटेत बोट पळवायची नसते, तिला चालवत ठेवायचं असतं. साडेपाच-सहा नॉट पुरेत. लाट चढताना जरा वाऱ्याकडे, माथा पार करताना लगेच खाली, म्हणजे बोट मागच्या उतारावर घसरते, हवेत सुटून आपटत नाही. सात टनांची बोट दोन-तीन मीटरवरून सपाट आपटली की आवाज असा येतो की खाली झोपलेला माणूस फळी तुटली म्हणून उठून बसतो, आणि काही वेळा खरंच आतला बल्कहेड (आडवी भिंत) सुटलेला असतो. फार हळू झालं तर दुसरीच भीती: सुकाणूवर पाणी नसतं आणि पुढची लाट बोट आडवी फिरवते. आडवं होणं मात्र काहीही करून टाळायचं. १९७९च्या फास्टनेट शर्यतीतल्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये टाकीत प्रतिकृतींवर प्रयोग झाले, त्यांत असं दिसलं की फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या ३० टक्के उंच असेल आणि बोट आडवी सापडली तर ती उलटू शकते. ६० टक्के असेल तर जवळजवळ कोणतीही बोट उलटते. ४० फुटी बोटीला ३० टक्के म्हणजे १२ फूट. अशी लाट इथे विरळा नाही. फुटणारा माथा समोरून ५०–६० अंशांवर घ्यायचा, किंवा तो शेजारी फुटून जाऊ द्यायचा. १९९८ साली हँडिकॅपवर, म्हणजे बोटीच्या क्षमतेनुसार दुरुस्त केलेल्या वेळेवर, जिंकलेली ‘मिडनाइट रॅम्बलर’ फक्त ३५ फुटी होती आणि तिचे लोक वादळात लाटांना तोंड देत पुढेच जात राहिले. त्यावरून पुढे जाणंच नेहमी शहाणपणाचं, असा अर्थ कुणी काढू नये. पण मागे वळण्यातही बोट लाटेला आडवी येते, हे विसरून चालत नाही.

रात्री लाट दिसत नाही. एक माणूस फक्त लाटा बघायला वाऱ्याच्या बाजूला बसवतो. तो पांढरं दिसलं की ओरडतो. फुटणारी लाट दिसण्याआधी ऐकू येते, आगगाडी जवळ आल्यासारखी घरघर. हेल्मवरच्या माणसाने स्क्रीनकडे टक लावायची नाही. गालावरचा वारा आणि बोटीचा कल एवढ्यावर ती जास्त चांगली चालते. अर्ध्या तासाने हेल्म बदली.

बूम आणि मेनशीट यांची भीती बाळगावी तितकी कमीच. २०२४च्या शर्यतीत पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर दोघे खलाशी गेले, एक बूमच्या तडाख्याने, दुसरा मेनशीटच्या. समोरून वारा नसून बाजूने किंवा मागून असेल तेव्हा हा धोका जास्त, कारण चुकून जाइब झाली, म्हणजे वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने आला, की बूम पूर्ण रुंदी ओलांडून येतो. मागच्या वाऱ्यात प्रिव्हेंटर, म्हणजे बूमच्या टोकापासून नाळेकडे नेऊन मागे आणलेली दोरी, ताठ बांधायची. मेनशीटच्या रुळावर, तिच्या फिरण्याच्या पट्ट्यात कुणी बसायचं नाही, उभं राहायचं नाही.

माणूस पाण्यात गेला तर करायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या एकदम करायच्या असतात. ओरडणं, जीपीएसवर बटण दाबणं, काठीचा तरंगता झेंडा आणि रिंग फेकणं, एकाने बोट दाखवत राहणं आणि दुसरं काहीही न करणं, बोट तिथेच वाऱ्यात उभी करणं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारी दोरी आहे का ते बघायचं. प्रोपेलरमध्ये दोरी गेली की परत जायचा रस्ता बंद. चार मीटर लाटेत डोकं पन्नास मीटरवर दिसेनासं होतं. आता प्रत्येकाच्या जॅकेटमध्ये स्वतःचा एआयएस बीकन, म्हणजे आपली जागा कळवणारं छोटं रेडिओ यंत्र, असतो आणि बोटीच्या स्क्रीनवर माणूस ठिपका म्हणून दिसतो. २०२४ साली पहाटे तीनच्या सुमारास पाण्यात गेलेला एक खलाशी बीकनमुळे सापडला, तोवर तो किलोमीटरहून लांब वाहत गेला होता. १९९३ साली ही सोय नव्हती. तेव्हा पाण्यात पडलेला एक स्किपर पाच तासांहून जास्त वेळ तरंगत राहिला आणि एका तेलवाहू जहाजाच्या प्रकाशझोतात योगायोगाने दिसला. वर घेताना हातांनी ओढायच्या भानगडीत पडू नये. ओल्या कपड्यांतला माणूस दोन-तीन जणांनाही झेपत नाही. हॅलयार्ड आणि विंच वापरायचं.

खाली आत वेगळीच झुंज असते. सगळं ओलं, डिझेलचा वास, कुणीतरी बादलीशी. स्वयंपाक म्हणजे गरम पाणी आणि पाकिटातलं कोरडं अन्न, खोल वाडग्यात, चमच्याने. ज्याला उलटी होतेय त्याला घोटघोट पाणी आणि शक्य असेल तर हेल्म द्यायचा. डोळे क्षितिजावर असले की बरं वाटतं. त्याला खाली चहा करायला पाठवणं हा अत्याचार आहे. थंडीचा खरा धोका दुसऱ्या रात्री, थकवा साठल्यावर. सिडनीजवळ पाणी २१–२२ अंश असतं, तस्मानियाजवळ १५–१६. बोलणं अडखळायला लागलं, साधी गाठ बांधता येईना, की त्या माणसाला खाली, कोरडे कपडे, झोपायची पिशवी. तो “मी ठीक आहे” म्हणणारच. त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

नॅव्हिगेटरचा पेच हा, की प्रवाह हवा पण प्रवाहातल्या लाटा नकोत. पाण्याचं तापमान इथे उपयोगी पडतं: प्रवाहाची कड ओलांडली की आकडा दीड-दोन अंशांनी खाली येतो आणि लाटाही थोड्या बसतात. ३५ नॉटच्या वर आम्ही किनाऱ्याकडे सरकतो, प्रवाहाचा नॉट-दीड नॉट सोडून देतो. तुटलेली बोट प्रवाहात असून काय करायचंय.

ग्रीन केपला, म्हणजे बास सामुद्रधुनीच्या आधीच्या भूशिराला, थांबून विचार करायची जागा आहे. १९९८नंतर आलेल्या नियमाप्रमाणे इथे प्रत्येक बोटीने संपर्क साधून सांगावं लागतं की लाइफराफ्ट, इंजिन, बॅटऱ्या, रेडिओ ठीक आहेत, माणसं ठीक आहेत आणि स्किपरने ताज्या अंदाजाचा पूर्ण विचार केलाय. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही याला नुसती औपचारिकता मानत नाही. घोषणेच्या तासभर आधी इंजिन चालवून बघतो, बिल्ज बघतो, प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारतो. कारण मागे ईडनचं बंदर जवळ आहे, आणि पुढे तस्मानियाच्या ईशान्य टोकापर्यंत दोनशे मैलांहून जास्त अंतर आसरा नाही. इथे माघार घेणाऱ्या बोटींना हसणारे बहुतेक जण किनाऱ्यावर असतात.

डोलकाठी पडली तर पहिलं काम ती बोटीपासून सोडवणं, कारण तुटलेलं टोक लाटेबरोबर बोटीच्या पोटावर आपटत राहतं. मोठी कात्री असतेच, पण डोलकाठी धरून ठेवणारे जाड रॉड कापत बसण्यापेक्षा हातोडी आणि पंच घेऊन पिना ठोकून काढणं बऱ्याचदा लवकर होतं. त्यासाठी पिनांवरचा टेप नख लागेल असा हवा.

तस्मानियाच्या पूर्व किनाऱ्याला सहसा वारा बदलतो आणि शिडं पुन्हा वाढवायची वेळ येते. इथे उलटी चूक होते: माणसं इतकी दमलेली असतात की २० नॉटमध्येही दोन रीफ तसेच राहतात, आणि हँडिकॅपवरचा सगळा फायदा निघून जातो. टॅसमन बेटाच्या कड्यांवरून परतणाऱ्या लाटा उलटसुलट मारतात, म्हणून फार जवळून जाऊ नये. पुढे स्टॉर्म बे, नावाला जागणारा, कधी ४० नॉट समोरून. आणि शेवटी डरवेंट नदी, जिथे रात्री वारा चक्क पडतो. शेवटचे अकरा मैल सहा-सात तास खाऊ शकतात. पहाटे आलेल्या बोटी बघता बघता पुढे निघून जातात. नदीत हलकी शिडं लागतात. ती वादळात खाली ओली, मिठाने जड होऊन पडलेली असतात, म्हणून स्टॉर्म बेमध्येच ती वर आणून तयार ठेवायची.

होबार्टला दोर बांधले की लोक डॉकवरच्या गर्दीत मिसळतात. मिसळावं, पण आधी शिडं गोड्या पाण्याने धुवून टांगायची, बिल्ज कोरडं करून दुसऱ्या दिवशी किती पाणी आलं ते मोजायचं, कीलच्या बोल्टांभोवती नवी भेग आहे का ते टॉर्चने बघायचं. टेदर एकेक हातात घेऊन तपासायचे. त्यांच्यात रंगीत शिलाईची एक घडी असते. जोराचा झटका बसला की ती उसवते. उसवलेला टेदर शिवायचा नसतो, कापून टाकायचा, म्हणजे परतीच्या प्रवासात कुणी चुकून तो लावणार नाही.